काचेआडचा शब्दकोश

मी एक जुना, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझ्या पोटात चाळीस हजार शब्द आहेत; पण पहिली सहा वर्षं मला कुणी एकसुद्धा विचारला नाही!

नागपूरच्या एका छापखान्यात माझी बांधणी झाली. १९७८ साली मी सिंदेवाहीजवळच्या एका गावच्या शाळेत आलो. मुख्याध्यापक वामनरावांनी मला खाकी कव्हर घातलं, नंबर टाकला आणि काचेच्या कपाटात कोंडलं. पुस्तक फाटलं तर जाब आपल्याला द्यावा लागेल, ही त्यांना धास्ती. म्हणून कपाट वर्षातून एकदाच, इन्स्पेक्शनला उघडायचं. साहेब माझ्या पाठीवरून बोट फिरवून "वा, अगदी नवं!" म्हणायचे. मी आतल्या आत जळायचो. डांबरगोळ्यांच्या वासाने जीव गुदमरायचा. काचेपलीकडे मुलं शब्दाशब्दाला अडायची आणि मला तोंड उघडता येत नसे.

१९८४ च्या एप्रिलात मराठी शिकवणाऱ्या कमलाबाईंना संस्थेची इंग्रजी नोटीस आली. दिवस मोहफुलांचे. मुलं पहाटेच आईबरोबर फुलं वेचायला रानात जायची, म्हणून सकाळच्या शाळेऐवजी बाई त्यांचा वर्ग दुपारी भरवायच्या. वेळ बदलू नये असं परिपत्रक आलं होतं खरं, पण ते वामनरावांच्या फायलीतच पडून राहिलं. नोटिशीत लिहिलं होतं की तुम्ही आदेश 'फ्लाउट' केला. शनिवारपर्यंत कबूल करा किंवा नाकारा, नाहीतर नोकरी जाईल. बाईंना बाकी सगळं कळलं. अडलं त्या एका शब्दापाशी.

"फ्लाउट म्हंजे चुकून राह्यलं असन," गणिताचे लटारूसर म्हणाले. "हो म्हणून लिहून द्या, मोकळ्या व्हा."

बाईंनी सहीसाठी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मी कपाटात तडफडत होतो. अहो बाई, मी इथे आहे!

बाई वामनरावांकडे गेल्या. "सर, कपाट उघडा. मले एकच शब्द पाह्याचा आहे."

"सोमवारी इन्स्पेक्शन आहे, बाई. तवाच उघडीन."

"माही नोकरी शनिवारी जाते, सर!"

वामनरावांनी किल्ली खिशात टाकली.

शनिवारी मधल्या सुट्टीत बाई अयूबभाईंच्या सायकल दुकानातून पेचकस घेऊन आल्या. कपाटाच्या बिजागऱ्या बाहेरून होत्या. सगळ्या शिक्षकांदेखत त्या एकेक स्क्रू काढू लागल्या.

"हे काय करून राह्यल्या, बाई?" वामनराव ओरडले. " कपाटाले हात लावाचा नाई, माहीत नाई काय?"

"माहीत आहे, सर. म्हणूनच तुमच्यासमोर काढून राह्यली."

दार निघालं. बाईंचा घामेजलेला हात मला लागला आणि खरं सांगतो, मला रडू आलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "फ्लाउट: नियम ठाऊक असूनही तो उघडउघड धुडकावणे. कायदा, आदेश, प्रथा यांबाबत वापरतात. नकळत झालेल्या चुकीला नव्हे."

बाईंनी तिथेच उत्तर लिहिलं: 'परिपत्रक मला दाखवलंच नव्हतं, तेव्हा मी ते फ्लाउट केलेलं नाही. कपाटाचा नियम मात्र आज फ्लाउट केला आहे.' खाली ठसठशीत सही.

नोकरी वाचली. कपाटापायी बदली झाली, पार धानोऱ्याकडे. जाताना त्यांनी मला मुलांच्या मेजावर ठेवलं. आता माझा कणा उसवलाय, पानं तेलकट झालीत. मित्रांनो, डिंक लावा, सुटलेली पानं शिवा, पण मला पुन्हा कोंडू नका.

पुढच्या वर्षीच्या इन्स्पेक्शनला साहेब मला पाहून कडाडले, "पुस्तकाची ही दशा?"

वामनराव जागचे उठले.

"पोट्टे वाचून राह्यले, साहेब," ते म्हणाले.