तवंग

लोरेनने किटली तिरकी केली आणि रॉनी पावलिकच्या कागदी कपात गरम पाणी सोडलं. त्याच्या ई-सिगारेटची टाकी सुटी करून तिने कपात टाकली होती: काच, टोपी, तळ आणि वाफ करणारी वळलेली तार. तपकिरी मळ हळूहळू सुटला. मग पाणी शांत झालं आणि त्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा पातळ तवंग पसरला.

आधी तिने हातांना राहिलेल्या साबणाला दोष दिला. मग रॉनीच्या टाकीतून काढलेला, द्रव्य शोषून तारेला पुरवणारा जुना कापूस चिमट्याने उचलून दुसऱ्या कोऱ्या कपात बुडवला. त्याला साबण लागलेला नव्हता. तवंग तिथेही आला.

ई-सिगारेटच्या धंद्यात ओढायचं सगळं द्रव्य पाण्यात विरघळतं, विरघळायलाच हवं. तेल पोटात गेलं तर पोट निस्तरतं. छातीत गेलं की तिथेच ठाण मांडून बसतं. दुकानाच्या भिंतीवर तिच्या भावाने, ड्वेनने, सहा वर्षांपूर्वी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: तेल कधीच नाही.

नेहमीची गिऱ्हाइकं शनिवारी आपापल्या टाक्या कपात टाकून जात. कपावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. सोमवारी दुकान दुपारी उघडे, तोवर लोरेन सगळ्या टाक्या धुऊन, तारेवरचा मळ जाळून, नवा कापूस भरून तयार ठेवी. कामाचे पैसे ती घेत नसे. ओहायो नदीकाठच्या त्या गावात कोण रागारागाने लांब झुरके मारतं, कोण टाकी कोरडी पडली तरी ओढत बसतं, हे तिला करपलेल्या कापसावरून कळे. निम्म्या गावाचं गुपित तिच्या चिमट्यात होतं म्हणा ना.

रॉनीने चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे काढली होती, दिवसाला दोन पाकिटं फुंकत. चार वर्षांपूर्वी ती त्याला म्हणाली होती, "मी सांगते म्हणून सोड. हे घे, याने निदान जगशील." आणि त्याने, बायकोचं कधी न ऐकणाऱ्या त्या माणसाने, तिचं ऐकलं होतं. तेव्हापासून तो तिला गमतीने डॉक्टरीणबाई म्हणे.

परवा शनिवारी तो कप ठेवायला आला तेव्हा काउंटरला धरून बराच वेळ उभा राहिला.

"डॉक्टरीणबाई, छाती वाजतेय. बायको म्हणते, झोपेत कुत्र्यापेक्षा तूच जास्त गुरगुरतोस."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं की. म्हणाले, जन्मभर धूर खाल्लास, आता छातीतून काय भजनं ऐकू येणार?"

ती हसली होती. आता ते आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिने गिऱ्हाइकांचे उरलेले कप चवीप्रमाणे लावून पाणी ओतलं. सफरचंदवाल्यांचं पाणी स्वच्छ, तंबाखूवाल्यांचं स्वच्छ. बटरस्कॉचचे रॉनी धरून चार. चारही कपांत तवंग.

"ड्वेन, बाहेर ये."

तो मागच्या खोलीतून आला. दुकानाची सगळी द्रव्यं तोच तिथे मिसळायचा. कानामागे पेन्सिल, ओठांवर शीळ.

"बटरस्कॉचमध्ये काय घातलंस?"

"प्रेम."

"ड्वेन."

त्याने कपांकडे पाहिलं. शीळ थांबली.

"उन्हाळ्यात जुना अर्क यायचा बंद झाला ना. लोकांना तर तीच चव हवी. मग मिठाईवाले वापरतात तो आणला. अगं, खायचाच आहे, पोरंसोरं खातात."

"खातात. ओढत नाहीत. तेल आहे त्यात."

"असेल थेंबभर."

"भिंतीवर काय लिहिलंयस तू?"

त्याने भिंतीकडे पाहिलं नाही. "तू ना, राईचा पर्वत करतेस. कुणाला काही झालंय का?"

"रॉनीला श्वास पुरत नाहीये."

"रॉनी आपण शाळेत होतो तेव्हापासून खोकतोय."

तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. त्यांचा बाप सिगारेटपायी गेला, घरातल्या पलंगावर, नाकात नळ्या घालून. त्याच्या दिवसांतच दोघांनी या दुकानाचं ठरवलं होतं. भाऊ चुकला असेल. अडाणीपणाने चुकला असेल. आज बाटल्या ओतून टाकू, चौघांना फोन करू, हात जोडू. चूक निस्तरता येते, असं मनाशी म्हणत तिने शेवटचा कप पुढे ओढला. पट्टीवर नुसतं 'ड्वेन' लिहिलेलं.

तो पहिल्या दिवसापासून बटरस्कॉचवाला. गिऱ्हाइकं त्याला हलवाई म्हणून चिडवायची. लोरेनने पाणी ओतलं आणि वाट पाहिली.

पाणी स्वच्छ राहिलं. कपातून पुदिन्याचा वास आला.

"पुदिना कधीपासून?"

"तोंडाला कंटाळा आला होता."

"कधीपासून, ड्वेन?"

"झाले असतील तीन आठवडे." त्याचा हात छातीकडे गेला आणि मध्येच खाली आला.

तीन आठवडे. म्हणजे तीन शनिवार. त्या तिन्ही शनिवारी रॉनीला बाटली भरून देताना त्याने "मजा कर, म्हाताऱ्या" म्हटलेलं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तिने ड्वेनची टाकी कपातून काढली, कोरडी केली, बॅटरीच्या दांड्यावर बसवली. बटण दाबलं. तार मधोमध लाल झाली आणि लाली दोन्ही टोकांपर्यंत सारखी पसरली. ती निवल्यावर तिने नवा कापूस ओवला, टोकं कापली, आत सारली. मग तिने मांडणीवरची बटरस्कॉचची बाटली उघडून टाकी काठोकाठ भरली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"ओढ."

"लोरेन, ऐक—"

"थेंबभर तर आहे."

त्याने टाकीकडे पाहिलं. मग हात खिशात घातले.

बाहेर रॉनीची गाडी थांबली. तो नेहमीसारखा वेळेआधी आला होता. गाडीपासून दारापर्यंत दहा पावलं असतील. तेवढ्यात तो खोकत दोनदा थांबला. आत दोघंही ते ऐकत उभे राहिले.

काचेवर टकटक झाली.

"डॉक्टरीणबाई, झाला का माझा कप?"

लोरेन दार उघडायला निघाली. दाराशी पोचून तिने एकदा मागे वळून पाहिलं. टाकी ठेवली होती तिथेच होती.