पाणवठ्यावरचा वाघ

ताराचंद मेश्राम कूलर बनवत असे. मे महिन्यात नागपुरात लोक ज्याच्या मागे हात धुऊन लागतात, असा तो माणूस. तिथल्या इंदोरा वस्तीत घराला लागूनच त्याचं पत्र्याचं दुकान होतं. मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला, ऊन डोक्यावर आग ओतू लागलं, की गिऱ्हाईक त्याला सुखाने दोन घास खाऊ देत नसे. पण यंदा ऐन नवतप्यात एका सकाळी त्याने शटर खाली ओढलं, हात कोपरापर्यंत साबणाने घासले आणि स्वयंपाकघरात जाऊन मैद्याचा डबा शोधू लागला. त्या दिवशी त्याच्या मुलीचा, दामिनीचा, आठवा वाढदिवस होता.

"मैदा खाली आहे पप्पा. बेसनाच्या मागं," ओट्यावर चढून बसलेली दामिनी म्हणाली.

केक दरवर्षी मेघा करायची, तिची आई. एका वर्षी कासव केलं होतं, एका वर्षी रेल्वेचं इंजिन, गेल्या वर्षी कापलेलं टरबूज. बाजारचा केक त्या घरात कधी आला नाही. गेल्या उन्हाळ्यात मायलेकी गोरेवाड्याला सफारीला गेल्या होत्या. तिथे एक वाघ पाणवठ्यात पोटापर्यंत बसला होता आणि गाडी आली तरी जागचा हलला नाही. परत येताना मेघा म्हणाली होती, पुढच्या वाढदिवसाला हाच.

मग जानेवारीत मेघा आजारी पडली. दवाखान्यात गेली ती आपल्या पायाने चालत. परत आणली ती चौघांनी. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. बापलेक राहिले, आणि घर कसंबसं चालू राहिलं.

केक विकत आणायचा, असंच ताराचंदने ठरवलं होतं. पण मध्यंतरी एक फोन आला. दामिनी एप्रिलपासून स्केटिंगच्या वर्गाला जाऊ लागली होती. तिथल्या काजलची आई बोलत होती.

"भाऊ, काजल रोज सांगून राहिली, दामिनीची मम्मी घरीच केक बनवते, यंदा वाघाचा बनवून राहिली म्हणून. मलेही शिकायचं आहे. देता का त्याहिले फोन?"

ताराचंदच्या हातात पत्र्याची कात्री होती. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"आता कामात आहे," तो म्हणाला. "तुम्ही या ना शनिवारी, वाढदिवसाला. तवा बोलू."

कोण कामात आहे, ते त्याने सांगितलं नाही.

दामिनीवर रागवावं असं त्याला वाटलंच नाही. स्केटिंगच्या वर्गात कोणाला काही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी तेवढा वेळ पोरीची आई जिवंत होती. त्याला ते समजत होतं, कारण दुकानात काम करता करता तोही अजून मधूनच आत हाक मारायचा, "चहा टाक वं". तोंडातून शब्द गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं.

दामिनीला त्याने फोनचं सांगितलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं की केक घरीच होईल, आणि तो असा होईल की बघणाऱ्याला मेघाच्याच हातचा वाटेल. पोरीचा शब्द चार मैत्रिणींसमोर पडता कामा नये.

आता ताराचंदला चहा आणि खिचडी यापलीकडे काही येत नव्हतं. येत होतं ते दामिनीला. आईच्या शेजारी ओट्यावर बसून तिने सगळं पाहिलं होतं. कुकरच्या तळाला मीठ टाकायचं, झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं, आच मंद करायची. पिठीसाखर चाळायची. दूध पावडर, पिठीसाखर आणि डब्यातलं घट्ट गोड दूध एकत्र मळलं की तिची आई म्हणायची ती 'गोड कणीक' होते. ती लाटून केकवर पोळीसारखी पांघरायची.

"जोर लावा ना पप्पा. मम्मी असं गुदगुल्या केल्यासारखं नाई मळत होती."

"लावून राहिलो वं. हे पत्र्यापेक्षा कडक आहे."

"मग थोडंसं दूध टाका. थोडंसं म्हटलं मी."

दोन केक भाजून झाले. ते जॅमने एकावर एक चिकटवून ताराचंदने वाघाचं धड कापलं, आणि इथे मात्र त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही. सुरी त्याने कात्रीसारखी चालवली. पाठ, मान, डोक्याचा गोल, सगळं एका दमात. वाघ पाण्यात बसलेला असल्यामुळे पाय करायचे नव्हते, याबद्दल त्याने त्या गोरेवाड्याच्या वाघाचे मनातल्या मनात आभार मानले. खाली ठेवायला त्याने नवाकोरा पत्रा कापला, कडा दुमडल्या, त्यावर चांदीचा कागद लावला आणि निळी कणीक पसरून पाणवठा केला. वाघावर केशरी कणीक चढवली. कोको घातलेल्या काळ्या कणकेचे पट्टे करायला त्याने पत्र्याचा एक साचा कापला आणि दोन्ही बाजूंना पट्टे अगदी मापात, एकसारख्या अंतरावर बसवले. कूलरच्या जाळीला असतं तसं.

दुपारच्या आत काम झालं. तो दोन पावलं मागे सरकून बघू लागला.

"कसा आहे?"

दामिनीने मान तिरपी करून वाघ दोन्ही बाजूंनी पाहिला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "झेब्रा क्रॉसिंगसारखा आहे."

तेवढ्यात प्रेमिलाताई आली. ताराचंदची मोठी बहीण, कामठीला दिलेली. आलुबोंड्यांसाठी उकडलेले बटाटे ती घरूनच घेऊन आली होती. तिने केक पाहिला, उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला आणि म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेव गा लवकर."

ताराचंदने पत्रा उचलून फ्रीजपाशी नेला. आडवा धरला, तिरपा धरला. पत्रा त्याने कूलरच्या टाकीच्या मापाचा कापला होता. फ्रीजमध्ये तो जाणार नव्हता.

"इतक्या मोठ्या ताटात कोण बसणार होतं, वाघ का वरात?"

"राहू दे ताई. मी कूलरवाला आहे. माझ्या घरात थंड हवा कमी आहे का?"

हे तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला. बाहेरच्या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने बनवलेला कूलर होता, नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेला. त्याच्यापुढे स्टूल ठेवून त्याने केक मांडला आणि पंखा पूर्ण वेगावर केला. मग पाहुण्यांसाठी बर्फ आणायला बाहेर पडला. येताना वाटेत एका जुन्या गिऱ्हाइकाने पकडलं, पंप बघून दे म्हणाला, आणि तिथे वेळ गेला.

परत आला तेव्हा दामिनी दारातच उभी होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा तिचा चेहरा होता.

कूलरची हवा ओली असते. हे नागपुरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि ताराचंद तर आयुष्यभर तेच विकत आला होता. पण साखर आणि ओली हवा यांचं काय होतं, ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. वाघाला घाम फुटला होता. काळे पट्टे केशरी अंगावरून ओघळून पाणवठ्यात उतरले होते. तोंड काळं झालं होतं. वाघाचं अस्वल झालं होतं.

प्रेमिलाताई पदराला हात पुसत बाहेर आली. "मी काहीच नाही बोलत," ती म्हणाली, आणि लगेच बोलली. "अजून वेळ आहे. चौकातल्या बेकरीत तयार असते. घेऊन ये एखादा. पोरीचा दिवस आहे तारू."

"नाही."

"काहून नाही? कोण नावं ठेवून राहिलं तुले?"

ताराचंदने दामिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. त्याने बहिणीला बाजूला नेलं आणि हळू आवाजात फोनचं सांगितलं. प्रेमिलाताईने बेकरीचा विषय सोडला. आत जाऊन तिने बटाटे कुस्करायला घेतले, नेहमीपेक्षा जास्त जोराने.

ताराचंद कूलरपाशी गेला. पंप बंद केला, टाकी रिकामी केली, ओल्या ताट्या काढून अंगणात फेकल्या आणि नुसता पंखा चालू ठेवला. बाहेरची लू आता सरळ घरात येऊ लागली, भट्टीसमोर बसल्यासारखी. खोलीतली माणसं घामाने निथळली, पण वाघाचा घाम हळूहळू सुकू लागला. ताराचंदने ओघळलेला काळा रंग सुरीच्या उलट्या बाजूने खरवडला, खराब झालेली केशरी कणीक काढली, नवीन मळली आणि पुन्हा लाटली. कणीक त्या गरम हवेत पटकन कडक होत होती, म्हणून हात भराभर चालवावे लागत होते. हे काम त्याच्या सवयीचं होतं. घाईतच त्याचे हात नीट चालत.

पट्ट्यांची वेळ आली तेव्हा साचा कुठे दिसेना. प्रेमिलाताईने तो भांड्यांबरोबर उचलला होता.

"साचा नको पप्पा," दामिनी म्हणाली. "थांबा."

ती आतून मेघाचा जुना फोन घेऊन आली. त्यात गोरेवाड्याच्या वाघाचा फोटो होता. मेघाने घाईत काढलेला. अर्ध्या फोटोवर तिचंच बोट आलं होतं, गुलाबी, अस्पष्ट. वाघाची एक बाजू तेवढी दिसत होती.

ताराचंद त्या बोटाकडे बघत राहिला. दामिनीने त्याला बघू दिलं. मग म्हणाली, "हे पाहा. हा पट्टा वर जाड आहे अन् खाली दोन झाले. हा अर्ध्यातच संपला."

ती बोट ठेवून जागा दाखवायची, तो काळ्या कणकेची वळी वळून तिथे चिकटवायचा. मापाशिवाय त्याने आयुष्यात काही बसवलं नव्हतं. पहिले काही पट्टे लावताना तो दर वेळी फोटोशी ताडून बघत होता. मग तो माप विसरला.

"दुसऱ्या बाजूचे कसे आहेत?" त्याने विचारलं.

"तिकडं मम्मीचं बोट आहे. काय माहीत."

"मग?"

"मग आपण करू."

दुसरी बाजू त्यांनी आपल्या मनाने केली. शेवयांच्या मिशा लावल्या. डोळे दामिनीने केले. एक जरा मोठा झाला, त्यामुळे वाघ काहीतरी विचारायच्या बेतात आहे असं वाटत होतं. प्रेमिलाताई तळणीचा झारा हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आता बाई भेव वाटते." तिच्याकडून ही मोठीच शाबासकी होती.

संध्याकाळी पोरं आली. काजल आली, तिची आई आली, स्केटिंगचा अंकित आला, गल्लीतली मुलं होतीच. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मेघाचा फोटो लावलेला होता. ताराचंदने दुपारी तो काढून आत ठेवावा का, असा विचार केला होता. हात वर गेला, आणि खाली आला. त्याऐवजी त्याने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं: केक करून दामिनीची मम्मी माहेरी गेली, तिची आई बरी नाही. हे वाक्य त्याने बर्फ फोडताना दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

केक पाहून पोरं आधी दारातच थांबली. मग सगळी एकदम पुढे सरकली.

"हा खायचा आहे?" अंकितने विचारलं.

"तोंड मले पाहिजे," काजल म्हणाली.

काजलची आई वाकून पट्टे बघत होती. "मी तर बाजारातही असा पाहिला नाही. कुठं आहेत दामिनीच्या मम्मी? मले त्याहिलेच भेटायचं होतं."

आलुबोंड्यांची परात घेऊन येणारी प्रेमिलाताई जागीच थांबली. ताराचंदने घसा साफ केला.

"ते असं झालं..." त्याने सुरुवात केली.

"माझी मम्मी नाही आहे," दामिनी म्हणाली. ती बापाकडे नाही, काजलकडे बघून बोलत होती. "थंडीत वारली. मी तुले खोटं सांगितलं होतं."

काजलने आईकडे पाहिलं. अंकितला मात्र केकचीच पडली होती.

"मग हा कोणं केला?"

"माझ्या पप्पानं. सकाळी केला, तो बिघडला. मग पुन्हा केला."

"तुझे पप्पा तर कूलर बनवते."

"कूलर बी बनवते," दामिनी म्हणाली, आणि तिची मान अशी वर झाली की ताराचंदला क्षणभर मेघाच समोर उभी आहे असं वाटलं.

काजलच्या आईचे डोळे भरून आले. "भाऊ, मले काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी फोनवर मी..."

"राहू द्या," ताराचंद म्हणाला. तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं, आणि त्याला दुसरं आपोआप सापडलं. "मले हिनं शिकवलं. अन् हिले हिच्या मम्मीनं. म्हणजे तुमच्या काजलनं सांगितलं ते काही फार चुकीचं नव्हतं."

वाघ कापायची कोणाची हिंमत होईना. शेवटी दामिनीने सुरी बापाच्या हातात दिली. तेवढ्यात काजलची आई म्हणाली, आधी फोटो काढू.

एरवी फोटोत ताराचंद मागच्या रांगेत कोणाच्या तरी खांद्याआड उभा राहायचा. आज दामिनीने त्याला ओढून वाघाच्या शेजारी आणलं. तो उभा राहिला, पाठ ताठ, छाती थोडी पुढे. सुरी धरलेल्या त्याच्या हाताच्या नखांत केशरी रंग बसला आहे. फोटोत तो स्पष्ट दिसतो.