घामाचं वजन

२०१९ सालच्या मे महिन्यातील अठरा तारीख, शनिवार. सायंकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि झकियाच्या पोटाभोवती प्लास्टिकच्या कागदाचे पाच वेढे बसले होते. रोजा सुटायला अजून अर्ध्या तासाहून अधिक अवकाश होता. वेढ्यांवर रबरी पट्टा आवळत तिची भाची उल्फा म्हणाली,

"चालत राहा मावशी, थांबू नका! हा घाम नाही, तेल गळतंय, घाण्यातल्यासारखं."

"तेल असतं तर बरणीत तरी भरलं असतं गं," झकिया धापा टाकत म्हणाली आणि पुन्हा स्वयंपाकघरातून सज्जाकडे निघाली.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या जुन्या हमामात, म्हणजे सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरात, एकतीस वर्षे तिने बायकांच्या पाठी चोळल्या होत्या. ओल्या फरशीवर बसून-उठून गुडघा कामातून गेला. तो बदलून देण्यास शस्त्रवैद्य तयार होते. मात्र वजन नव्वद किलोच्या आत हवे. सोमवारी सकाळी वजन व्हायचे होते. हमामच्या मालकिणीने तिची जागा उन्हाळ्यापुरतीच राखून ठेवली होती.

पट्टा उतरवून ती काट्यावर चढली. ८९.८.

उल्फाने आनंदाने किलकारी मारली. खालच्या मजल्यावर ती बायकांची व्यायामशाळा चालवत असे आणि या पट्ट्यावर तिचा मनापासून विश्वास होता. झकियाचा नवरा हादी, कारखान्यातून निवृत्त झालेला यंत्रकारागीर, सूपात लिंबू पिळत होता. त्याने मान वर केली नाही.

"उद्या सकाळी पुन्हा चढ," तो म्हणाला.

"लाव, लाव दृष्ट!" झकिया म्हणाली.

रविवारी सकाळी काट्याने ९३.१ दाखवले. झकियाने काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तेच. भिंतीजवळ नेला. तेच. त्या दिवशी तिचा पाय कुठे ठरेना; पाटावर बसे, उठे, पडदा सारून रस्ता पाही, पुन्हा काट्याकडे येई.

दुपारी उल्फा आली. "सोपं आहे मावशी. आज संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पट्टा घालूनच झोपा. डॉक्टर काटा बघतो, पोट नाही."

"आणि नंतर सुरी चालवतो," हादी म्हणाला. "सुकलेल्या अंगावर."

"काका, तुमचं आपलं काहीतरीच! माझ्याकडच्या बायका महिन्यात पाच-पाच किलो उतरल्यात."

"पाणी पिण्याआधी की प्यायल्यावर?"

उल्फाने कागदाची गुंडाळी उलगडली. झकियाने वेढे घालून घेतले.

संध्याकाळी रोजा सुटल्याची तोफ झाली. झकियाने एक खजूर तोंडात टाकला आणि पेल्याकडे गेलेला हात मागे घेतला. जीभ टाळूला चिकटली होती. पोटरीत गोळा आला, तशी ती खुर्चीची कड धरून उभी राहिली. अंगावरचा कागद चुरचुरला. आणि ती एकाएकी हसू लागली.

"काय झालं मावशी?" उल्फा घाबरली.

"अगं, एकतीस वर्षं वाफेत घाम गाळला मी. सकाळ-संध्याकाळ. तुझं खरं असतं तर मी केव्हाच मोरीतून वाहून गेले असते! मग ही कंबर कुणाची, शेजारणीची?"

"पण तिथली जागा जाईल ना तुमची."

झकियाचे हसू थांबले. "जाईल," ती म्हणाली.

तिने पेला उचलला, सावकाश रिकामा केला आणि हादीपुढे धरला. त्याने तो पुन्हा भरून दिला. मग कात्री मागवून तिने पाचही वेढे कापून काढले. उल्फा खाली वाकून तुकडे गोळा करू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"रडतेस कशाला? तू काय खोटं बोललीस? तुलाही कुणीतरी असंच सांगितलं असेल," झकिया म्हणाली. जेवणाआधीच तिने मालकिणीला फोन लावला. "बाई, सणानंतर दुसरी कोणी बघा. नाही, नाही, माझी वाट नका पाहू. हात चांगला असलेली बघा, म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते."

सोमवारी रुग्णालयात परिचारिकेने तिला सहज सांगितले, "श्वास सोडा जरा, म्हणजे कमी भरेल."

"अगं, श्वासाला कसलं वजन!" झकियाने शाल हादीकडे दिली, चपला काढल्या आणि ताठ उभी राहिली.

वजन भरले ९३.४ किलो.