पळा कुणाच्या हाती

भैरोबाच्या पंगतीची आमटी ढवळावी ती सहादेवनंच, हे जामखेडच्या अंगाला पोराटोरांनाही ठाऊक. पण यंदा रक्तदान करायला गेला आणि अंगात जुनी हिपॅटायटिस बी निघाली. झालं! गावानं आमटीचा पळा काढून झाडपाल्याची औषधं देणाऱ्या पुंजारामच्या हाती दिला. पुंजाराम म्हणाला, "सहादेवा, आदी कावीळ उतरव, मग कढईजवळ ये." सहादेवनं बायकोला घेऊन तडक नगर गाठलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनी अशाच जुन्या रोग्यांचं रक्त अभ्यासायच्या. त्यांनी समजावलं, "काका, विषाणू शिरला की पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. आम्ही तेच मोजतो. आज एकदा तपासायला रक्त द्या, महिन्यानं परत."

सहादेव ऊसतोडीचा मुकादम, टोळीला हाका मारण्यात हयात गेलेली. "म्हंजे आतबी मुकादम हायेत," तो म्हणाला. रिपोर्ट चांगला आला की पळा आपलाच, असं त्यानं धरून ठेवलं.

पण धीर धरील तर सहादेव कसला! दुसऱ्यांदा रक्त द्यायच्या आदल्या दिवशी हा शहाणा पुंजारामकडून कडू दोडक्याचा रस नाकात सोडून आला. नाकातून पिवळं पाणी गळालं की कावीळ गेली, ही पिढीजात समजूत. पाणी गळालं खरं, पण थांबायचं नावच घेईना.

रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावल्या. "विषाणू गप्प आहे, यकृतही ठीक आहे, आणि निरोप मात्र अंगभर बोंबलतायत. काय केलंत काका?"

"काय बी न्हाई," सहादेव उपरण्यात नाक खुपसून म्हणाला.

"बाई, ह्यांनी नाकात दोडका घातलाय," बायको बायडाबाईनं सांगून टाकलं.

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, ते पिवळं पाणी म्हणजे कावीळ नव्हे, नाक आतून सोललंय; त्याचेच हे निरोप. परत असलं करू नका."

"मग पळा?" सहादेवनं विचारलं.

त्यांनी तिथूनच पुंजारामला फोन लावला. "हा रोग रक्तातून पसरतो, आमटीतून नाही. काकांना खुशाल ढवळू द्या." पुंजाराम मुकाट "बरं" म्हणाला. सहादेवचे डोळे भरून आले, आणि त्याच भरात तो असा शिंकला की टेबलावरचे कागद उडाले.

"मात्र नाक वाळेपर्यंत कढईजवळ नको," डॉक्टर म्हणाल्या.

पंगतीला सहादेव लांब लिंबाखाली बसला. तिथूनच ओरडायचा, "पुंज्या, जाळ कमी कर. आता मीठ." पुंजाराम बिचारा घाम पुसत हुकूम पाळत होता. जेवणारे बोटं चाटत म्हणाले, "सहादेवच्या हातची चव न्यारीच."