माझी शेपटी आणि दोन पोती सरकी

मित्रांनो, चेहऱ्यावरून मला गरीब गाय समजू नका. मी एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे, आणि मला शेपटी आहे. म्हणजे तशी खरीखुरी नाही. तुमच्या ओळखीच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी स्वतःला ओढत नेतात. माझी ताकद मागच्या चाकांत, त्यामुळे मी स्वतःला मागून ढकलत जाते. वळणावर कुणी जास्त रेस दिली की माझी मागची बाजू घसरून बाहेर जाते आणि चक्क पुढच्या बाजूच्या पुढे जायला बघते. त्यालाच लोक म्हणतात, "हिने शेपटी टाकली."

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. मग इंदूरच्या एका हौशी मालकांनी मला घरी आणलं. ते दर रविवारी मला पुसायचे, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे आणि चाळीसच्या वर काटा कधी जाऊ द्यायचे नाहीत. एकदा मात्र ते मुंबईला निघाले. धुळ्याच्या अलीकडे त्यांना काय लहर आली कोण जाणे, वळणावर त्यांनी रेस दाबली. मी शेपटी टाकली आणि दोन गिरक्या घेऊन थेट कपाशीच्या शेतात जाऊन उभी राहिले. त्यांना साधं खरचटलंही नाही. पण मला टोचन लावून नूर महंमद यांच्या गॅरेजात आणलं, तेव्हा मालक नूरभाईंना म्हणाले, "ही तुम्हीच ठेवा." कागदांवर सह्या केल्या आणि एसटीने परत गेले.

नूरभाईंचं गॅरेज धुळ्यात, हायवेला लागून. ट्रक आणि ट्रॅक्टर सोलून काढणारे त्यांचे हात माझे बारीक नट मात्र सोनारासारखे बसवायचे. दोन महिने खपून त्यांनी मला उभं केलं आणि एका सकाळी एकटेच मला गावाबाहेरच्या जिनिंगवर घेऊन गेले. कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना कधीचाच बंद पडलेला. मोठं मोकळं पटांगण, वर भुरभुरीत माती.

तिथे काय झालं हे फक्त त्यांना आणि मला माहीत. वळणावर माझी शेपटी सुटली, आणि तीस वर्षं गाड्यांत घालवलेल्या त्या माणसाने घाबरून ब्रेक दाबला. मी भिंगरीसारखी फिरले. माझी मागची डावी बाजू जिनिंगच्या भिंतीवर आपटली आणि तिथे पोचा पडला.

संध्याकाळी गॅरेजात ते सगळ्यांना सांगत होते, "मागच्या एक्सलमध्ये खोट आहे."

माझ्यात काही खोट नव्हती. पण मित्रांनो, गाडीला बोलता येत नाही.

मग आठ वर्षं ताडपत्रीखाली. माझ्या सीटवर मांजर दोनदा व्याली. माझ्या छतावर जुने टायर रचले. सुरुवातीला येणारा-जाणारा विचारायचा, "नूरभाई, लाल गाडी कुठाय?" नंतर विचारायचंही बंद झालं. येत होती ती एकच. नूरभाईंची मुलगी अरिबा. शाळेतून आली की ताडपत्रीचं टोक उचलून आत शिरायची, स्टेअरिंग धरायची आणि तोंडानेच गाडीचा आवाज काढायची. मला इतकं बरं वाटायचं की विचारू नका.

आता अरिबा एकोणीस वर्षांची आहे. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, आणि खिशात लायसन्स. या हिवाळ्यात नूरभाई म्हणाले, "रविवारची जिनिंगवरची भरीत पार्टी झाली की हिचे पार्ट सुटे करून टाकू. जागा अडते."

अरिबा दोन दिवस माझ्याखाली आडवी पडून राहिली. तिसऱ्या दिवशी काळ्या हातांनी बाहेर आली.

"अब्बा, एक्सल पूर्ण उघडला. खोट सापडली नाही."

"बारीक असेल."

"किती बारीक?"

"दिसणार नाही इतकी."

"मग दिसत नाही त्या खोटेसाठी दिसणारी गाडी का मोडायची?"

नूरभाई हात पुसत राहिले. मग म्हणाले, "जिनिंगवर इंग्रजी आठचा आकडा आखतो. कडेने तेलाचे बारा रिकामे डबे. रविवारी मी शेजारी बसेन. एक जरी डबा पडला, तर सोमवारी पाने घेऊन बसतो. आणि रस्त्यावर असला खेळ केलास तर आजच बसतो."

म्हणजे बघा, माझा जीव बारा डब्यांवर आला. अरिबाने नवी बॅटरी घातली, पेट्रोल भरलं, आणि मी पुन्हा गुरगुरले.

जिनिंगची राखण अभिमन नाना करतात. नूरभाईंचे जुने दोस्त, जन्म बैलगाडी हाकण्यात गेला. पटांगणाच्या कडेला खोली आहे, तिथे ते आणि यशोदाबाई अक्का राहतात. दावणीला एक म्हैस. आठचा आकडा म्हटल्यावर नानांनी आधी विचारलं, "मराठी आठ का इंग्रजी?" कारण मराठी आठ काढला असता तर मी वळून परत आलेच नसते, सरळ साक्रीला गेले असते.

डबे मांडायला अरिबाची मैत्रीण सुलक्षणा आली. ती मूळची भडगावची, इथे होस्टेलला राहते. तिचं काम एकच, पडलेला डबा उचलून जागेवर ठेवायचा.

पहिल्या दिवशी तिला पाच मिनिटं बसायला मिळालं नाही. अरिबा वळणात शिरायची, रेस द्यायची, मी शेपटी टाकायची, ती दचकून एकदम पाय काढायची आणि स्टेअरिंग दुसरीकडे खेचायची. झालंच मग. आम्ही दोघी धुळीत तोंड मागे करून उभ्या.

"अरिबा, तू आठ काढतेस का शून्य?" सुलक्षणा ओरडली.

"तू डबे मोज."

"मोजायला उभा एकही नाही गं."

नाना हे सगळं बिडी ओढत बघत होते. शेवटी उठून माझ्यापाशी आले आणि माझ्या डिकीवर थाप मारली. "पोरी, हाई गाडी मांगून हलकी शे. आम्ही गाडी भरतांना आधी वजन देखूत. मांगे दोन पोता सरकी टाक. मंग देख, कशी गुपचूप चालस."

अरिबाला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. मागे वजन पडलं की चाकं जमिनीला घट्ट धरतील, हे ऐकायला किती बरोबर वाटतं. म्हशीसाठी आणलेल्या सरकीतली दोन पोती दुसऱ्या दिवशी माझ्या डिकीत बसली. डिकीचं झाकण लागेना, म्हणून सुतळीने बांधलं.

सुरुवातीला मी खरंच गुपचूप चालले. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. नाना मिशीला पीळ देऊ लागले. अरिबाला जोर चढला, तिने रेस वाढवली, आणि माझी शेपटी सुटली. आता बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं तर ती फार तर उलार होते, म्हणजे मागे कलते, पण बैल तिला सोडत नाहीत. माझ्यापुढे बैल कुठे होते? एकदा निघालेलं ते वजन थांबेना. मी हत्तीसारखी मागून फिरत गेले, नऊ डबे उडवले, आणि लिंबाच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबले. सुतळी तुटली, पोतं फाटलं, सगळ्या पटांगणात सरकीचा सडा पडला. कुठून कोण जाणे पाच-सहा शेळ्या आल्या आणि जेवायलाच बसल्या.

खोलीच्या दारातून यशोदाबाईंचा आवाज आला, "म्हैसनी सरकी शे ती. आते म्हैसले काय, तुन्ही मिशी खावाडू?"

नाना झाडू आणायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

अरिबा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसली. तिची धडधड मला माझ्या इंजिनापेक्षा जास्त ऐकू येत होती. "गेली," ती म्हणाली. "सोमवारी गेली ही."

सुलक्षणाने काचेवर टकटक केलं. "शनिवार शिल्लक आहे. आणि रविवारची सकाळ. उतर, अक्का मांडे करताहेत."

मित्रांनो, खापरावरचे मांडे करताना तुम्ही कुणाला बघितलं आहे का? चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं. पुरण भरलेला गोळा अक्कांनी दोन्ही हातांवर घेतला आणि तो हातांवरच खेळवत, फिरवत मोठा करत नेला. बघता बघता तो कोपरापर्यंत पसरला, पातळ, लोंबता, आता पडतो की मग असा. अक्कांचे डोळे मांड्यावर नव्हतेच. ते खापराकडे होते, जिथे तो जायचा होता.

अरिबाने हात धुऊन एक करून बघितला. मांडा एका बाजूला ओघळायला लागला, तिने घाबरून उलटा हिसका दिला, आणि तो फाटला.

"वढू नको," अक्का म्हणाल्या. "मांडा जठे जास, तठे हात जाऊ दे. वढशी तं फाटी जाई. आणि मांडा परत येवाले लागना, की हात बी मांगे आन."

पीठभरल्या हातांनी अरिबा माझ्याकडे वळून बघत राहिली. मग दुसरा गोळा मागितला. मग तिसरा. पाचवा खापरावर जरा वेडावाकडा का होईना, पण अख्खा पडला.

शनिवारी तिने चपला काढून बाहेर ठेवल्या. पाय अनवाणी, म्हणजे रेस किती दाबली ते तळव्याला कळतं. डिकी रिकामी. टायरमधली हवा तिने स्वतः तपासली. वळणात मी शेपटी टाकली, आणि यावेळी तिचे हात माझ्या शेपटीमागोमाग गेले. शेपटी उजवीकडे, स्टेअरिंग उजवीकडे. पाय एकदम उचलला नाही, हळूच सैल केला. नजर डब्यांवर नाही, पुढे जिकडे जायचं तिकडे. मी परत यायला लागले, तसं तिने स्टेअरिंगही परत आणलं.

मी सरळ झाले. मला वाटलं मी हवेत आहे. आठ वर्षं ताडपत्रीखाली मी हेच स्वप्न बघत होते, की कुणीतरी माझी शेपटी बांधू नये, तिच्यासोबत यावं. संध्याकाळपर्यंत आम्ही किती आकडे काढले ते सुलक्षणाही विसरली. ती निवांत बसून बोरं खात होती.

रविवारी पटांगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. त्यात हिरवी वांगी भाजत होती, लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचला जात होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास सुटला होता. आणि नूरभाई माझं दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. आठ वर्षांनी. त्यांनी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

पहिला गोल झाला. डबे उभे. दुसऱ्या गोलाच्या शेवटी ती भिंत येते. तीच. अरिबाने रेस दिली, माझी शेपटी सुटली आणि भिंतीकडे निघाली.

"ब्रेक," नूरभाई म्हणाले. "बेटा, ब्रेक दाब." त्यांचा स्वतःचा पाय माझी फरशी दाबत होता, जिथे काहीच नव्हतं.

अरिबाने ब्रेक दाबला नाही. तिचे हात अक्कांच्या हातांसारखे गेले आणि आले. भिंत माझ्या पोच्याजवळून वीतभर अंतराने मागे पडली, आणि मी आकडा पुरा करून लिंबाखाली उभी राहिले. धूळ हळूहळू खाली बसली.

सुलक्षणा चालत आली. तोंड उतरलेलं. "काका, अकरा उभे आहेत. शेवटचा पडला."

अरिबाने माझ्या स्टेअरिंगवर हात ठेवला, जसं कुणी निरोप घेताना ठेवतं.

नूरभाई खाली उतरले. डब्याकडे गेले, त्याला उचलून नीट उभा केला. "वाऱ्याने पडला," ते म्हणाले.

"वारा कठे शे?" नाना म्हणाले. जाळाचा धूर सरळ आभाळात चालला होता.

"नाना, मी म्हणतो ना, वारा होता." मग ते माझ्या मागे आले आणि पोच्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "खोट एक्सलमध्ये नव्हती, अरिबा. इथेच मी ब्रेक दाबला होता. सांगायची लाज वाटली."

"मला माहीत होतं, अब्बा."

"कधीपासून?"

"एक्सल उघडला तेव्हापासून. तुमच्या हातचा आहे तो, त्यात खोट कशी राहील?"

नूरभाईंनी मान वळवली. मग चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या, आणि अरिबाला म्हणाले, "सरक तिकडे. मला शिकव."

सुलक्षणाने डब्यांकडे बघून सुस्कारा सोडला.

मित्रांनो, त्या दुपारी नूरभाईंनी मला अकरा वेळा फिरवलं आणि सगळे डबे पाडले. भरीत थंड झालं, तरी कुणी जेवायला बोलावलं नाही. बाराव्या वेळी त्यांचा पाय ब्रेककडे निघाला आणि मध्येच थांबला, आणि मी अलगद सरळ झाले. तेव्हा ते इतके हसले की म्हैस उठून उभी राहिली.

तुमच्याही घरी कुठे ताडपत्रीखाली काही पडलेलं असेल, ज्याच्यात खोट आहे असं सगळे म्हणतात. माझं एवढंच मागणं आहे. मोडायच्या आधी ते एकदा उघडून बघा, हात काळे करून. आणि माझ्यासारखी कुणी हाती आलीच, तर मोकळं पटांगण बघा, शेजारी जाणतं माणूस बसवा, हवा तपासा, पाय हळू उचला. मी शेपटी टाकेन. तुम्ही माझ्यासोबत या.