काढलेल्या भागाची पुडी

धाकटी बहीण मोठी झाली की थोरल्या भावाची छाती फुगते, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना बहुतेक बहीण नसावी. निदान सिंथेसायझर वाजवणारी तरी नसावीच.

दादाचं सिंथेसायझर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून पांढऱ्या केसांची गिऱ्हाइकंही त्याला दादाच म्हणायची. वर्कशॉपला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोकांची आजारी यंत्रं पोट उघडून पडलेली असायची. आतल्या खोलीत त्याची स्वतःची सात यंत्रं होती, धडधाकट, अगदी सुरात. बाहेर तो मेकॅनिक आणि आत संगीतकार. अडचण एवढीच, की बाहेर रांग लागायची आणि आत कुणी फिरकायचं नाही.

कामाचे त्याचे दोन नियम होते. पहिला, तक्रार गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहायची आणि लिहिलं असेल तेवढंच दुरुस्त व्हायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. दुसरा, यंत्रातून जो भाग काढला तो कागदाच्या पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, मग तो जळका असो की फुटका. "तुमच्या यंत्राचा तुकडा आहे, माझ्याकडे काय लोणचं घालायचंय?" असं तो म्हणायचा. लोक हसत आणि पुडी खिशात टाकत. या नियमांवर त्याचं नाव चालत होतं.

धाकटीचं नाव मात्र कशावर चालतं हे त्याला कळत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिने भंगारातून एक जुनं यंत्र उचललं, तेव्हा दादानेच सांगितलं होतं, "घेऊ नकोस, त्यात जीव नाही." आता त्याच यंत्रावर ती हॉल भरवत होती. लोक डोळे मिटून ऐकत. कुणी लिहिलं, हे यंत्र माणसासारखं हुंदका गिळतं. दादाने ते वाचलं आणि त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हुंदका म्हणे! यंत्र काय जेवतं, की गिळेल?

त्यात आई. "अरे, काल हिचं ऐकताना मला रडूच आवरेना," हे ती फोनवर त्याला सांगायची, जणू तो त्या बातमीसाठी उपाशी बसला होता. त्याच्या कार्यक्रमाला आई एकदाच आली होती, अकरा वर्षांपूर्वी. त्याने 'पायऱ्या' नावाची रचना केली होती. तीन आवाज एकमेकांच्या खांद्यावर पाय देत वर चढतात, अशी. ती सुरात लावायला त्याने तीन तास घेतले होते. ऐकायला नऊ माणसं आली, त्यात दोन घरची. संपल्यावर आई म्हणाली, "छान हो. अगदी स्वच्छ." घासलेल्या भांड्यांबद्दल बोलावं तसं. त्यानंतर त्याने लोकांसमोर वाजवणं सोडलं, पण तो शब्द काही त्याला सोडेना.

तर एका मंगळवारी सकाळी धाकटी ते यंत्र पोटाशी धरून वर्कशॉपमध्ये आली.

"दादा, शनिवारी दुपारी कार्यक्रम आहे. तोवर होईल?"

"चिठ्ठी लिही."

"मीसुद्धा?"

"तू काय आभाळातून पडलीस?"

तिने लिहिलं, 'गरम झाल्यावर तिसरा आवाज उतरतो. कायमचं दुरुस्त करणे.'

"इतकी वर्षं चालवून घेतलंस, आता काय झालं?" त्याने विचारलं.

"लाज वाटते रे. म्हणून तर मी ऐन वेळेला चालू करते, गार असेपर्यंत तरी सुरात राहील म्हणून. तरी वीस मिनिटांनी घसरतोच. मग मी लांब सूर लावून ते झाकत बसते. लोक भले आहेत, बोलत नाहीत." ती थोडी घुटमळली. "आणि या वेळेला मला ते अगदी सुरातच हवंय. का, ते विचारू नकोस."

त्याने विचारलं नाही. स्वतःहून तिची चौकशी करायची नाही, हे व्रत त्याने केव्हाच घेतलं होतं.

ती गेल्यावर त्याने यंत्र चालू केलं. असल्या यंत्रात तीन आवाज एकच सूर धरून उभे असतात, आणि ते यंत्र तापलं की सुरावरून ढळू नयेत म्हणून प्रत्येकाला सांभाळणारा एक रेझिस्टर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. दादाने एक सूर लावला, तो तसाच वाजत ठेवला आणि घड्याळ समोर घेतलं. दहा मिनिटं काही नाही. पंधरा मिनिटं काही नाही. एकोणिसाव्या मिनिटाला तिसरा आवाज बाकीच्या दोघांपासून सुटला. धाडकन नाही, हळूहळू. रडायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा आवाज बोलता बोलता खाली जातो, तसा. तिघांच्या मध्ये एक कंप उठला आणि खोलीभर पसरला. दादाचा हात स्क्रूड्रायव्हरवर होता, तो तिथेच राहिला.

हाच तो हुंदका. हॉल भरवणारा, आईला रडवणारा. धाकटीची कला नव्हे, दाण्याएवढ्या भागाला गेलेली चीर!

आधी त्याला हसू फुटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. आपण तीन-तीन तास सूर जुळवायचा आणि नऊ माणसं जमवायची, आणि हिने भंगारातला बिघाड वाजवून जग जिंकायचं? आणि तो बिघाड आहे याची लाजही हिलाच? आयत्या बिळावरचे नागोबा त्याने पाहिले होते, पण आपण बिळात राहतो हे माहीत नसलेला नागोबा पहिल्यांदाच पाहिला.

तिला एक वाक्य सांगणं पुरेसं होतं. 'अगं वेडे, याला हात लावू नकोस, हाच तुझा आवाज आहे.' फोन हाताशी होता. त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. कायमचं दुरुस्त करणे. अक्षर तिचं, सही तिची. साप मरणार होता आणि काठीला ओरखडाही उठणार नव्हता. नियम तो नियम, बहीण झाली म्हणून काय झालं!

दहा मिनिटांचं काम होतं. त्याने चिरलेला दाणा काढला, नवा बसवला, डाख दिला. मग तासभर यंत्र तापवून पाहिलं. तिसरा आवाज शाळेच्या रांगेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. दादाने काढलेला दाणा पुडीत बांधला, वर तारीख घातली, आणि शुक्रवारी धाकटी यंत्र न्यायला आली तेव्हा पुडी दिली नाही. का दिली नाही, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. तिला विचारायची आठवण झाली नाही. पुडी त्याच्या शर्टाच्या खिशातच राहिली.

शनिवारी तो कार्यक्रमाला गेला. एरवी त्याला नेमकं त्याच वेळी काम निघायचं. त्याला दारात बघून आईला नवल वाटलं, आणि तिने सरकून शेजारची खुर्ची दिली. मंचावरच्या यंत्राचा लाल दिवा आधीपासूनच पेटलेला होता. आता लपवण्यासारखं काही नव्हतं ना, म्हणून धाकटीने ते इतर वाजवणाऱ्यांसारखं अर्धा तास आधी तापत ठेवलं होतं.

पहिल्या दोन रचना छोट्या होत्या, त्या निभावल्या. तिसरीत तिने लांब सूर लावला, आणि लोकांनी सवयीने डोळे मिटले. दादा श्वास रोखून बसला. सूर लांबत गेला. काही झालं नाही. सरळ, गुळगुळीत, फरशीवर ओढलेल्या खुर्चीइतकाच भावपूर्ण. एकेक करून डोळे उघडले. मागे कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या माणसाने मनगट वळवून घड्याळ बघितलं. आईने पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली.

दादाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, भरपूर आनंद झाला. अकरा वर्षं घशात अडकलेला घास एकदाचा खाली उतरला.

मग धाकटी माइकपाशी आली. "यानंतरची रचना माझी नाही," ती म्हणाली. "मी अकरा वर्षांपूर्वी ती एका छोट्या खोलीत ऐकली आणि त्याच दिवशी ठरवलं, की मलाही हेच करायचंय. आजवर वाजवली नाही, कारण माझं यंत्र बेसूर होतं, आणि हिला बेसूर वाजवणं म्हणजे पाप. ज्याची रचना, त्यानेच यंत्र दुरुस्त करून दिलं, तेव्हा कुठे हिंमत झाली. माझ्या दादाची रचना, 'पायऱ्या'."

आईने त्याचा हात घट्ट धरला.

धाकटीने चोख वाजवली. एकही स्वर इकडचा तिकडे झाला नाही. त्याने लिहिली होती तशीच, जिथल्या तिथे, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांमध्ये बसून ऐकत होता. तीन आवाज चढत गेले, चढत गेले, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. शेवटच्या पायरीवर एक लांब सूर होता. तिथे तिसरा आवाज सुटायला हवा होता. वर पोचलेल्या माणसाने मागे वळून बघावं, तसा. दादाला तो कानात स्पष्ट ऐकू आला, मंगळवारी वर्कशॉपमध्ये ऐकला होता तसाच. त्या एका घसरण्यासाठीच ही सगळी चढण आपण रचली होती, हे अकरा वर्षं आपल्याला कळलं नव्हतं. सूर सरळ गेला आणि थांबला. खिशातला दाणा छातीला टोचत होता.

टाळ्या पडल्या, पाहुण्यांच्या पोराने कविता म्हटल्यावर पडतात तितक्या. धाकटीने हाताने खूण करून त्याला उभं केलं. तो उभा राहिला, बसला. आई कानाशी वाकली. "छान हो," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ."

मंचामागच्या खोलीत धाकटी वायरी गुंडाळत होती. चेहरा पडलेला.

"दादा, चुकलं रे माझं. तुझी इतकी सुंदर रचना, आणि मी वाया घालवली. आज माझ्या हातातच काही नव्हतं. यंत्राला तर नाव ठेवायला जागा नाही, इतकं छान लागलंय."

'होतं असं कधी कधी' म्हणून पाठीवर हात ठेवला असता, तर संपलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण ती 'पायऱ्या'साठी रडवेली झाली होती. आजवर त्या रचनेसाठी कुणी रडवेलं झालं नव्हतं, तो स्वतःसुद्धा नाही. त्याने खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुझ्या यंत्रातून काढलेला भाग. लोक रडायचे तो."

तिने पुडी उघडली, चिरलेला दाणा तळहातावर घेतला. मग पुडीवरची तारीख वाचली.

"मंगळवार," ती म्हणाली. "म्हणजे मंगळवारीच कळलं होतं तुला?"

"हो."

"काढायच्या आधी?"

"आधी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दाणा पुन्हा पुडीत घातला, घड्या नीट दाबल्या आणि पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"आण, मी आत्ता परत बसवून देतो," तो घाईने म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळेला 'पायऱ्या'…"

"नको. पुढच्या शनिवारीही वाजवणार आहे मी 'पायऱ्या', ती सोडत नाही. पण दुरुस्ती आता दुसऱ्या कुणाकडून करून घेईन." ती यंत्राचं झाकण लावू लागली. "तू येऊ नकोस, दादा. मला वाजवता येणार नाही."

तो रस्त्यावर आला तेव्हा लख्ख ऊन होतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच. त्याला डोळ्यांसमोर कुठलातरी दुसरा मेकॅनिक दिसत होता, त्या यंत्रावर वाकलेला. तो दाणा बसवेल, यंत्र तापत ठेवेल. धाकटी म्हणेल, "जरा वाजवून बघते," आणि 'पायऱ्या' लावेल. शेवटच्या पायरीवर तिसरा आवाज हळूच सुटेल, आणि हातातलं काम थांबवून ते पहिल्यांदा ऐकेल तो माणूस.

त्या माणसाचा दादाला आत्तापासूनच हेवा वाटू लागला होता.