रिह्याची शिगेची पायली

मी एक जुनी पायली आहे. भात मोजायचे लाकडी माप. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल तर आता माळ्यावर पालथी घातलेलीच पाहिले असेल. पण मला कोणी 'पुण्याकडची पायली' म्हटले, तर मी अजूनही ऐकून घेणार नाही. मी रिहे गावची आहे.

माझा जन्म मात्र शेजारच्या उरवडे गावचा. तिथल्या वाल्मीक सुताराने शिवणीचे लाकूड कोरून मला घडवले आणि कमरेला लोखंडी पट्टी ठोकली. रिह्याच्या गोजराबाईंच्या खळ्यावर आले आणि मी इथली रीत शिकले. मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे आणि प्रत्येक माप शिगेचे भरायचे, म्हणजे काठावर दाणे डोंगरासारखे उभे राहिले पाहिजेत.

एके वर्षी गोजराबाईंची सून रत्ना मुठा गावाहून नांदायला आली. कापणीला आलेल्या बहिरूला त्याच्या मजुरीचे भात मोजून द्यायला ती बसली. तिने मला भरले, काठावरून हात फिरवला आणि शीग खाली पाडली!

"आगं, हात का आखडतीस? बहिरू काय म्हनंल आमाला?" गोजराबाई कडाडल्या.

"आत्याबाई, आमच्या मुठ्यात माप सपाटच भरत्यात, आन् मग..."

"मुठ्याचं मुठ्यात! हितं चालायचं न्हाई."

रत्नाचे बोलणे अर्धेच राहिले. त्या दिवसापासून तिचे काही चुकले, की "मुठ्याची रीत!" हा टोमणा ठरलेला. ती मुकाट्याने शीग भरू लागली.

पुढच्या सुगीला पुण्याचा एक व्यापारी खळ्यावर आला. त्याच्या गाडीत उरवड्याचे आणि मुठ्याचे भात आधीच एकत्र भरलेले होते. त्याच पोत्यांत तो रिह्याचा आंबेमोहोर ओतायला निघाला.

"आवं, आमचं भात त्यात नगा मिसळू," गोजराबाई म्हणाल्या.

"अहो बाई, रिहे काय, मुठा काय, सगळी पुण्याच्या आजूबाजूची गावं! सारखीच. पेठेत कोण गावाचं नाव विचारतंय? शहर वाढतंय. उद्या पुणं तुमच्या दारात येईल."

गोजराबाईंना संताप आला, पण शब्द सुचेना. त्यांचा मुलगा जयसिंग घुटमळला. व्यापाऱ्याला परत पाठवले तर गिऱ्हाईक कुठे शोधायचे? त्याने मला उचलून त्या पोत्याच्या तोंडाशी नेले. मित्रांनो, मला तेव्हा तडकून दोन तुकडे व्हावेसे वाटले.

तेवढ्यात रत्नाने माझ्या काठावर हात ठेवला.

"सारकीच हायेत व्हय? मग मी सालभर ह्या घरात कशापायी बोलनी खाल्ली?"

मग बहिरू खो खो हसत सुटला आणि गोजराबाईंना शब्द सापडले.

"व्हय की! इचारा हिला. हिच्या गावचं माप येगळं, हिचं कालवण येगळं, आन् तोंड तर लईच येगळं! पुनं दारात येतंय तर येऊ द्या. पन हितं आलं, की त्यालाबी शीग भरावी लागंल!"

व्यापारी रिकामा गेला. जयसिंगने बैलगाडी जुंपली आणि आमचे भात रिह्याच्या नावानेच बाजारात नेले. त्या संध्याकाळी गोजराबाईंनी सुनेला विचारले, "तवा तू 'आन् मग' म्हनालीस. मग काय करत्यात तुमच्यात?"

"सपाट मापावर येक मूठ येगळी घालत्यात. घेनाऱ्याच्या पदरात, आपल्या हातानं."

पुढे किलो आले. मला त्यांचा राग नाही. वजन सगळीकडे सारखे असावे, हा न्यायच आहे. पण वजन सारखे झाले म्हणून गावे सारखी होत नाहीत. तुम्हाला कोणी विचारले, तर 'पुण्याजवळ राहतो' एवढ्यावर थांबू नका. आपल्या गावाचे नाव मोठ्याने सांगा, आणि माझ्यासारखे जुने माप घरात असेल तर ते चुलीत घालू नका.

मी तर अजून दर सुगीला एकदा खाली उतरते. रत्ना पहिले माप शिगेचे भरते आणि 'लाभ' म्हणते. शेवटच्या मापावरून मात्र ती हात फिरवते. मग मूठ भरून वळते, तेव्हा गोजराबाई पदर पसरून समोर उभ्याच असतात.